मिश्र बॅलेसंध्या कशी पाहावी? ‘बॅले’ या संज्ञेचा महाराष्ट्रातील प्रवास आणि नृत्यपरीक्षणाचा प्रश्न

प्रास्ताविक

पाश्चात्त्य बॅले मंडळ्यांच्या प्रयोगांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात संपूर्ण रात्र एकाच कथेला वाहिलेली असते. ‘स्वान लेक’, ‘जिझेल’, ‘स्लीपिंग ब्यूटी’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात तीन-चार छोट्या, कथेने परस्परांशी न जोडलेल्या रचना एकामागून एक सादर होतात. त्यांतील एखादी रचना म्हणजे एकोणिसाव्या शतकातील अभिजात बॅलेचा उतारा असतो, एखादी विसाव्या शतकाच्या मध्यावरची असते, तर एखादी अगदी अलीकडची. मध्ये पंधरा-वीस मिनिटांचे मध्यंतर आणि पडदा उघडला की वेगळे शतक. या दुसऱ्या प्रकारास प्रस्तुत लेखात ‘मिश्र बॅलेसंध्या’ असे म्हटले आहे.

श्रीरामपूरसारख्या, ऊस, बाजार समिती आणि बेलापूर या नावाने ओळखले जाणारे रेल्वे स्टेशन यांभोवती फिरणाऱ्या तालुक्याच्या गावातील मराठीच्या प्राध्यापकाने या विषयावर का लिहावे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात समूहनृत्य स्पर्धेचा परीक्षक म्हणून काम करण्याची संधी प्रस्तुत लेखकास मिळाली. एम.फिल.साठी संगीत नाटकांच्या संहितांचा अभ्यास केला होता, एवढेच त्या निवडीमागील कारण असावे. एका संघाने शेतकरी आत्महत्येवर नृत्य सादर केले. काळे कापड, दोर, पार्श्वभूमीला निवेदकाचा भरून आलेला आवाज. सभागृह स्तब्ध झाले आणि मीही. दुसऱ्या एका संघातील सहा मुलींनी कोणतीही कथा नसलेले नृत्य केले. रांगा मोडत होत्या, जुळत होत्या. एकीची हालचाल दुसरीकडे जाताना किंचित बदलत होती. मी पहिल्या संघास सर्वाधिक गुण दिले आणि दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर ‘विषय अस्पष्ट’ असा शेरा लिहिला. कार्यक्रमानंतर त्या सहा जणींपैकी रचना बसवणारी मुलगी भेटायला आली. तिने तक्रार केली नाही. तिने फक्त विचारले, “सर, विषय म्हणजे काय? आम्ही नाचलो ना.” मजजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. मिश्र बॅलेसंध्या हा प्रकार समजून घेताना ते हळूहळू हाती लागत गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘बॅले’ हा शब्द आपल्याकडे कसा आला?

मराठी माणसाने ‘बॅले’ हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा नृत्यनाट्य येते : रामायण, शिवचरित्र वा पंचतंत्रातील कथा, समूह, वेशभूषा, ध्वनिमुद्रित संगीत. युरोपीय माणसाच्या दृष्टीने मात्र बॅले ही सर्वप्रथम एक शरीरशिक्षणाची पद्धती आहे. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची राजअकादमी स्थापन केली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात पायांच्या पाच मूलस्थिती निश्चित झाल्या आणि पुढील सारी इमारत त्यांवर उभी राहिली. कथा ही तिच्यावरील रंग होय. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ कसे झाले, हे पाहण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

रशियन नर्तिका ॲना पावलोव्हा १९२२-२३ च्या आशियाई दौऱ्यात भारतात आली व पुन्हा १९२८-२९ मध्ये आली. दोन्ही खेपांस तिने मुंबईत प्रयोग केले. तिची संध्या ही मिश्र संध्याच असे. एक-दोन छोटे बॅले आणि त्यानंतर सुटी नृत्ये. त्यांत मिखाइल फोकिनने तिच्यासाठी रचलेले ‘द डाइंग स्वान’ हे काही मिनिटांचे एकल नृत्य अग्रभागी. भारत पाहून परतल्यावर १९२३ मध्ये तिने लंडनला ‘अजिंठ्याची भित्तिचित्रे’ या नावाचा बॅले सादर केला. त्याच हंगामात ‘ओरिएंटल इम्प्रेशन्स’ ही नृत्यमालिकाही झाली. तिच्यातील हिंदू विवाहाचे आणि राधा-कृष्णाचे अशा दोन रचनांसाठी तिने एका भारतीय चित्रकलेच्या विद्यार्थ्याची मदत घेतली आणि राधेसमोर कृष्ण म्हणून त्यालाच उभे केले. तो विद्यार्थी म्हणजे उदय शंकर. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाला होता. आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर असलेली अजिंठ्याची लेणी लंडनच्या मिश्र बॅलेसंध्येचा एक भाग झाली, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील किती शिक्षकांना ठाऊक असेल? मला ती चाळिशीच्या उंबरठ्यावर कळली.

पावलोव्हाचा दुसरा परिणाम मुंबईतच घडला. हाफकिन संस्थेचे संचालक डॉ. साहिबसिंग सोखी यांच्या पत्नी लीला सोखी या मूळच्या बंगालमधील, व्हायोलिन शिकलेल्या. पावलोव्हाच्या प्रोत्साहनाने त्या नृत्याकडे वळल्या व ‘मॅडम मेनका’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने कथक शिकून रंगमंचावर यावे, ही त्या काळी साधी बाब नव्हती. त्यांनी लखनौ परंपरेतील गुरूंना मुंबईत आणले, कथकलीचे व मणिपुरीचे शिक्षक सोबत घेतले आणि ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, ‘मेनका लास्यम्’ या रचना उभ्या केल्या. १९३६ ते १९३८ या काळात त्यांच्या संचाने युरोपभर प्रयोग केले. १९३६ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेतही हा संच होता. दमयंती जोशी ही मुंबईची मराठी मुलगी त्या दौऱ्यात होती. वय जेमतेम शाळकरी. पुढे तिने कथकमध्ये स्वतंत्र कीर्ती मिळवली. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७० मध्ये पद्मश्री. मेनकांनी खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ ही निवासी नृत्यशाळा काढली आणि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकावर बॅले बसविला. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मेनकांनी पावलोव्हाकडून नेमके काय घेतले? टाचा उचलून बोटांवर उभे राहणे घेतले नाही, पाच मूलस्थिती घेतल्या नाहीत. घेतली ती संध्येची मांडणी : पडदा, प्रकाशयोजना, ठरीव कालावधी, समूहाची शिस्त आणि ‘बॅले’ हे नाव. शरीराचे व्याकरण कथकचेच राहिले. ही उणीव नव्हती, विचारपूर्वक केलेली निवड होती. मात्र त्यामुळे मराठी व्यवहारात ‘बॅले’ ही संज्ञा तिच्या तंत्राविना रूढ झाली. पुढील दोन दशकांत हा अर्थ पक्का होत गेला. इप्टाच्या मध्यवर्ती पथकाने मुंबईत अंधेरीला राहून ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ (१९४४) व ‘इंडिया इम्मॉर्टल’ (१९४५) हे बॅले बसविले. त्यांतील शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूपची स्थापना केली. तिच्या ‘रामायणा’त माणसे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे चालतात. सचिन शंकर यांचा बॅले संच १९५३ चा. त्यांची ‘ट्रेन’ ही रचना येथे अपवाद म्हणून नोंदविली पाहिजे, कारण तिच्यात पुराण नाही, चरित्र नाही. गाडीची गती आणि तिच्यातील माणसे एवढेच आहे. आविष्कार-चंद्रशालेच्या ‘दुर्गा झाली गौरी’ या बालनृत्यनाट्याने तर मराठी मध्यमवर्गाच्या एका पिढीस मंचावरील समूहनृत्य म्हणजे काय, ते दाखवले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तथापि याच परंपरेने आपल्या मनात एक समीकरणही रुजवले : समूहाने नाचायचे तर काहीतरी ‘सांगायचे’ असले पाहिजे. माझ्या ‘विषय अस्पष्ट’ या शेऱ्याचे मूळ मला येथे सापडते.

मैफल आणि निरूपण

वस्तुतः कथेविना क्रम लावण्याची कला मराठी रसिकास नवी नाही. ख्यालाच्या मैफलीत विलंबित, मग द्रुत, त्यानंतर ठुमरी वा नाट्यपद आणि शेवटी भैरवी असा क्रम असतो. यमनमधील बंदिशीचा आणि त्यानंतरच्या नाट्यपदाचा ‘विषय’ एक आहे काय, असे कोणी विचारत नाही. त्याच गळ्याने व्याकरण कुठे काटेकोर पाळले आणि कुठे सैल सोडले, हे ऐकणे म्हणजेच मैफल ऐकणे होय. नाट्यपदातली हरकत ज्या कानाने यमन ऐकला त्याच कानाला कळते. मिश्र बॅलेसंध्या पाहण्याची सर्वांत जवळची किल्ली हीच आहे, असे माझे मत आहे.

नृत्यातही असे उदाहरण आहे, आणि तेही मराठी भाषेतले. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या नावे असलेली मराठी निरूपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली. त्यांत जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना येथपासून मंगळापर्यंत अठरा नृत्यबंधांची साखळी आहे. काही बंधांत केवळ शुद्ध नृत्य, काहींत अभिनय. भरतनाट्यमचा आज रूढ असलेला क्रम त्याच दरबाराच्या आश्रयाखाली आकारास आला. हे मराठी साहित्य अभ्यासून रंगमंचावर आणि ‘तंजावर नृत्यप्रबंध’ या नावाने ग्रंथरूपात आणण्याचे श्रेय गुरू पार्वतीकुमार यांचे. ते मालवणचे. मुंबईत ‘देख तेरी बंबई’सारखे बॅले बसविणाऱ्या याच माणसाने पुढे तंजावरच्या जुन्या मराठी बंधांत आयुष्याची कित्येक वर्षे घातली व ‘अभिनयदर्पणा’चे मराठी भाषांतरही केले. कथाप्रधान समूहनृत्याकडून नृत्याच्या व्याकरणाकडे जाणारा हा प्रवास आपल्याकडील नृत्यचर्चेत पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही.

तीन रचना, एक शरीर

आता प्रत्यक्ष संध्येकडे वळू. जगातील मोठ्या मंडळ्या वारंवार करतात अशा तीन रचना उदाहरणादाखल घेतल्या आहेत. त्यांच्या चित्रफिती उपलब्ध असून वर्गात दाखवता येतात.

पहिली, ‘ला बायादेर’ या बॅलेतील छायांचे दृश्य. मारियस पेतिपा याची ही रचना, मिंकुसच्या संगीतावर १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला प्रथम झाली. कथा भारतात घडते : निकिया ही देवळातील नर्तिका, सोलोर हा योद्धा, मत्सरी राजकन्या आणि फुलांच्या परडीतला साप. या कथेतील भारत हा पूर्णपणे कल्पनेतला आहे आणि त्यातील फकीर पाहून आपल्याला हसू येते, ते येऊ द्यावे. शब्द मात्र कल्पनेतला नाही. ‘बायादेर’ हे ‘बायलादैरा’ या पोर्तुगीज शब्दाचे फ्रेंच रूप. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील देवळांशी संबंधित नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांना हा शब्द लावला जाई. आपण ज्यांना कलावंत म्हणतो, त्या या. याच समाजातून पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका आल्या. पॅरिसने खऱ्या देवदासी १८३८ मध्ये पाहिल्या, त्या पुदुच्चेरीजवळून गेलेल्या. त्यांतील अम्मानीचे शिल्पही तेथे घडविले गेले. तेव्हा गोव्याच्या देवळातून निघालेला शब्द लिस्बन-पॅरिसमार्गे सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर पोहोचला, एवढे म्हणता येते. नृत्य मात्र पोहोचले नाही.

आणि तरीही छायांचे दृश्य अपूर्व आहे, कारण तेथे कथा थांबते. निकिया मेलेली आहे, सोलोर अफूच्या धुंदीत आहे. रंगमंचाच्या मागील उतारावरून पांढऱ्या वेषातील एक नर्तिका येते. एक पाय मागे उचलून दुसऱ्यावर झुकते (यास ‘आराबेस्क’ म्हणतात), मग मागे रेलून हात वर नेते, दोन पावले पुढे येते. पुन्हा तेच. तिच्या मागे दुसरी. मग तिसरी. चोवीस किंवा बत्तीस जणी येईपर्यंत हीच ओळ नागमोडी वळणे घेत रंगमंच भरून टाकते. पहिल्या नर्तिकेने ही क्रिया तीसहून अधिक वेळा केलेली असते आणि तिचा घोटा थरथरता कामा नये. नवख्या प्रेक्षकास हे कंटाळवाणे वाटते. माझ्या वर्गातही चौथ्या आराबेस्कनंतर चुळबूळ सुरू झाली. मी त्यांना आषाढीची दिंडी आठवायला सांगितली. पाऊल तेच, ताल तोच, माणसे वाढत जातात आणि त्या वाढण्यातच काहीतरी घडते. तुलना सर्वस्वी नेमकी नाही, कारण दिंडीत कोणी कोणाचा घोटा पाहत नाही. पण चुळबूळ थांबली.

येथे शरीराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. बॅलेत दोन्ही पाय कमरेच्या सांध्यापासून बाहेरच्या बाजूस वळवलेले असतात. ही सवय लहान वयातच लावावी लागते, नाहीतर तो ताण गुडघ्यावर येतो. भरतनाट्यमच्या अरमंडीतही गुडघे बाहेर वळतात, परंतु तेथे वजन खाली, जमिनीकडे जाते. बॅलेत ते वर उचललेले भासले पाहिजे. कथकमध्ये पाय ऐकू यावा लागतो, बॅलेत तो ऐकू न येणे हे कौशल्य. नर्तिका ज्या बुटांवर उभी राहते त्यांच्या टोकाशी कापड, कागद आणि खळ यांचे थर असतात. हे बूट एका प्रयोगातही निकामी होऊ शकतात.

दुसरी रचना जॉर्ज बॅलँशिनची ‘सेरेनेड’ (१९३४). प्राध्यापकांनी तर ती आवर्जून पाहावी. बॅलँशिन पेतिपाच्याच पीटर्सबर्गी शाळेत घडला, क्रांतीनंतर देश सोडून पॅरिस-लंडनमार्गे न्यूयॉर्कला आला आणि आधी शाळा काढून मगच मंडळी उभारण्याच्या निश्चयाने विद्यार्थ्यांना शिकवू लागला. ‘सेरेनेड’ हा त्या शिकवणीचाच भाग होता. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या म्हणून सुरुवातीस रंगमंचावर सतरा जणी उभ्या आहेत. दुसऱ्या दिवशी कमी आल्या, तर त्या भागात कमी. एके दिवशी एक मुलगी पडली. ते पडणे त्याने रचनेत ठेवले. एक उशिरा आली. तिचे उशिरा येऊन आपली जागा शोधणेही ठेवले. हजेरीपटाचे असे रूपांतर मी अन्यत्र पाहिलेले नाही. आपल्याकडे सरावाला सहापैकी चार मुली येतात, एकीची एस.टी. चुकलेली असते, एकीच्या घरी पाहुणे असतात, आणि आपण वैतागून कार्यक्रम रद्द करण्याची भाषा करतो.

‘सेरेनेड’मध्ये कथा नाही. चायकोव्हस्कीचे संगीत, निळसर प्रकाश आणि पांढुरके झगे आहेत. मात्र ‘बायादेर’मधील ओळ नुकतीच पाहिलेली असेल तर येथे ती मोडते, तिच्यातून एकच जण वेगळी पडते आणि पुन्हा सामावली जाते, हे प्रेक्षकास कोणी न सांगता दिसते. स्वतंत्रपणे पाहिली असती तर ही रचना केवळ ‘सुंदर’ वाटली असती. क्रमामुळे ती वाचता येते. पुढे ‘द फोर टेंपरामेंट्स’ या रचनेतून बॅलँशिनने झगेही काढून टाकले. १९५१ पासून ती सरावाच्या साध्या कपड्यांत होते आणि मग शरीराशिवाय पाहण्यासारखे काही उरतच नाही.

तिसरी, विल्यम फोरसाइथची १९८७ ची रचना. तिच्या नावाचा अर्थ ‘मध्यभागी, जराशी उंचावर’ असा आहे. ती पॅरिस ऑपेराच्या नर्तकांसाठी केली गेली. रिकामा रंगमंच, वर टांगलेल्या दोन सोनेरी चेरी (नावाचा उगम तोच), टॉम विलेम्सचे यंत्रघोषासारखे संगीत, सहा स्त्रिया आणि तीन पुरुष. विद्यार्थ्यांना पहिल्या मिनिटातच हे ‘आपले’ वाटले, कारण आवाज ओळखीचा होता. त्यांची प्रतिक्रिया होती, “सर, हे सोपं आहे, ह्यात नियम नाहीत.” येथेच चूक होते. फोरसाइथच्या नर्तिका त्याच बुटांवर आहेत, पाय तसेच बाहेर वळलेले आहेत, आराबेस्कही तोच आहे. फक्त शरीराचा तोल जेथे संपतो त्याच्या पुढे तो एक वीत ढकललेला आहे. तोल कोठे संपतो हे ठाऊक असल्याविना तो ढकलता येत नाही. छायांच्या दृश्यातील ती चोवीस किंवा बत्तीस जणींची ओळ जिने वर्षानुवर्षे केली, तीच हे करू शकते. या तिन्ही रचना एकाच रात्री त्याच मंडळीतील तेच नर्तक करतात. मिश्र संध्येचे खरे बिकटपण आणि खरा युक्तिवादही तोच आहे.

सहकाऱ्यांनी या चर्चेच्या वेळी एक रास्त आक्षेप घेतला. अशा संध्येत अभिजात रचनेचा केवळ तुकडा येतो, संदर्भ तुटतो. हे ‘निवडक उतारे’ शिकवण्यासारखे नाही काय? पाठ्यपुस्तकातील उताऱ्यांनी कादंबरीचे किती नुकसान केले आहे, हे मराठीच्या शिक्षकास वेगळे सांगावयास नको. आक्षेप मान्य आहे. पेतिपाची निकिया कोण होती, हे छायांच्या दृश्यातून कळत नाही. माझा पक्ष इतकाच की नृत्यात कथा गाळल्यावर जे शिल्लक राहते तेच आपण आजवर पाहिलेले नाही.

तंत्र येथेही आले, उशिरा

बॅलेचे तंत्र महाराष्ट्रात अगदीच आले नाही, असे नाही. तुष्ना दलाल नव्हे, तुष्ना डल्लास (आडनाव मराठी कानाला फसवते) यांनी १९६६ मध्ये मुंबईत शास्त्रीय बॅले व पाश्चात्त्य नृत्याची शाळा सुरू केली. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या अभ्यासक्रमानुसार तेथे शिक्षण दिले गेले. म्हणजे संज्ञा १९३० च्या दशकात रुळली आणि पद्धतशीर तंत्र साठीच्या उत्तरार्धात आले, तेही दक्षिण मुंबईच्या एका छोट्या वर्तुळात. त्यानंतर दीर्घ काळाने, २०१० च्या दशकात, येहुदा माओर या शिक्षकाने मुंबईच्या एका नृत्यसंस्थेत शिकवताना दोन मुले निवडली. मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा आणि अमीरुद्दीन शाह हा वेल्डरचा. अन्यत्र आठव्या-दहाव्या वर्षी सुरू होणारे शिक्षण दोघांनीही पुष्कळ उशिरा सुरू केले. अमीरुद्दीनला २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ (२०२०) हा चित्रपट या दोघांवरून प्रेरित असून त्यात मनीषने स्वतःच भूमिका केली आहे. चित्रपटात जिद्दीची कथा आहे आणि विद्यार्थ्यांना तीच आवडते. मी मात्र तो वर्गात दाखवताना सरावाची दृश्ये पुन्हा मागे घेऊन दाखवतो : कठड्याला धरून गुडघे वाकवणे, सरळ करणे, पुन्हा वाकवणे.

परीक्षणाचा प्रश्न

आपल्या युवक महोत्सवांत नृत्याचे प्रामुख्याने दोन प्रकार असतात : एकल शास्त्रीय नृत्य आणि लोक वा आदिवासी समूहनृत्य. पहिल्यात व्याकरण पाहिले जाते. दुसऱ्यात परंपरा, वेशभूषा आणि जोश. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत मात्र या दोहोंत न बसणारे पुष्कळ काही नाचले जाते आणि त्याला मोजण्यास आपल्याजवळ ‘विषय’ या एकाच रकान्याचा आधार उरतो. परिणामी विद्यार्थी शिकतात ते हे की चांगल्या गुणांसाठी चांगला विषय शोधावा. स्त्रीभ्रूणहत्या, दुष्काळ, सीमेवरील जवान. हे प्रश्न गंभीर आहेत, यात शंका नाही. दोर गळ्यात अडकवल्याचा अभिनय करणाऱ्या मुलाचे पाय तालात होते की नाही, हे मात्र त्या दिवशी मी पाहिलेच नव्हते. आज आठवायचा प्रयत्न केला तरी आठवत नाही. त्या सहा मुलींपैकी डावीकडून दुसरी प्रत्येक फेरीत अर्धी मात्रा मागे ठेवून वळत होती आणि ते चुकून नव्हते, हे मात्र आठवते. म्हणजे डोळ्यांनी पाहिले होते, लेखणीने नाकारले.

गेल्या दोन वर्षांत आमच्या विभागात पुढील पद्धत अनौपचारिकपणे वापरून पाहिली. समूहनृत्याच्या निवडचाचणीत संघाने तेच नृत्य दोनदा करावयाचे : एकदा संगीत, निवेदन आणि वेशभूषेसह, एकदा साध्या कपड्यांत व केवळ टाळ्यांच्या ठेक्यावर. गुण दुसऱ्या वेळेचे आधी लिहावयाचे. पद्धत निर्दोष नाही. वेळ दुप्पट लागतो, लोकनृत्याच्या संघांवर ती थोडा अन्याय करते, कारण हलगी काढून घेतली की त्यांचा श्वासच जातो, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी “परीक्षा आहे की छळ?” असे विचारले. लोकनृत्यासाठी हलगी दोन्ही वेळा ठेवण्याची सवलत मग आम्ही दिली.

‘विषय म्हणजे काय’ असे विचारणाऱ्या त्या मुलीचा शोध घेण्याचा मी प्रयत्न केला. ती पदवी पूर्ण करून गेली होती, असे तिच्या महाविद्यालयातून समजले. यंदाच्या चाचणीत आमच्याच द्वितीय वर्षाच्या पाच मुली आल्या. सहावी आजारी होती. तिची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती आणि प्रत्येक फेरीत त्या त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जात होत्या. असे का केले, हे मी विचारले. त्यांनी सांगितले, सवय झाली होती म्हणून.